पटावरचं विसावं नाव

कार्तिकी ढेबे धरणात बुडाली त्याला तीन वर्षं झाली होती. पण गणितात तिची प्रगती समाधानकारक होती. भाषेत तर ती केंद्रात तिसरी आली होती. फक्त 'सहभाग' या रकान्यात यंत्रानं एक हळुवार शेरा मारला होता : 'विद्यार्थिनी अलीकडे थोडी शांत वाटते.'

रोहिणी दुधभाते बाईंनी तो शेरा दोनदा वाचला, टॅबलेट पालथा घातला आणि तांब्याभर पाणी प्यायल्या.

पैलाड ही वाडी धरणाच्या फुगवट्याकाठी, डोंगराच्या कुशीत चिकटून बसलेली. तिथली शाळा पहिली ते सातवी. खोल्या दोन, शिक्षक दोन, पट वीस. यातला शेवटचा आकडा महत्त्वाचा. पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद करायची आणि मुलांनी रोज लाँचनं पलीकडच्या समूहशाळेत जायचं, असा नियमच निघाला होता. पलीकडची शाळा चांगली होती. तिला रंग होता, संडासाला दार होतं. मधे फक्त सव्वा तासाचं पाणी होतं.

त्याच पाण्यात कार्तिकी गेली. तिसरीचा निकाल लागल्यावर मामाकडे राहायला गेली होती, मे अखेरीस परत येत होती. वारा सुटला, होडी कलंडली. बाकीचे चौघं पोहून आले. तीन दिवस माणसं गळ टाकून बसली. त्या पाण्याखाली जुनी गावं आहेत, आमराया आहेत, दगडी पार आहेत. त्यात काय कुठं अडकेल सांगता येत नाही. काहीच वर आलं नाही.

जूनमध्ये नवा हजेरीपट लिहायला घेतला तेव्हा बाईंनी ते नाव सोडून पुढचं घेतलं. मुख्याध्यापक चांगदेव ठोंबरे सर समोर बसले होते. पंचावन्नचे, पोट सुटलेले, नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेले.

"दाखला आहे?" त्यांनी विचारलं.

"कसला?"

"मृत्यूचा. प्रेत नाही म्हणून दाखला नाही. दाखला नाही म्हणून सात वर्षं ती हयात. हे मी नाही म्हणत, कायदा म्हणतो."

"सर, आपण दोघं काठावर होतो."

"कायदा नव्हता ना तिथं." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की ठोंबरे सर खरं बोलतात, हे बाईंना ठाऊक होतं. "मोजा बाई. तिला सोडून एकोणीस. एकोणीस पोरं रोज त्याच पाण्यावरून जाणार. माझ्याच्यानं ते बघवणार नाही."

बाईंचं अक्षर मोत्यासारखं. नाव त्यांनीच लिहिलं, आणि इतर नावांपेक्षा किंचित नीटच लिहिलं.

पुढं सगळं सुरळीत झालं, म्हणजे व्हायला नको तितकं सुरळीत. सातवीतून गेली तेवढी पोरं पहिलीत येत गेली आणि पट विसावर अडून राहिला. सर रोज सकाळी कार्तिकीचा टॅबलेट चालू करून तिच्या जागेवर ठेवत. टॅबलेट चालू म्हणजे विद्यार्थी हजर. पोषण आहाराचा भात वीस जणांचा शिजे. विसावी ताटली मुलांनी पाळीपाळीनं वाटून घेतली होती. "आज कार्तिकीचा भात कुणाचा?" असं पहिलीतलं पोरसुद्धा सहज विचारी. त्यानं कार्तिकीला पाहिलेलं नसे; पण तिच्या जागेवर मात्र ते कधी बसत नसे.

आता ती परीक्षा कशी देत होती, हे सांगायला हवं.

सरकारी नाव 'अनुमान मूल्यमापन प्रणाली'. लोक म्हणत 'सावली'. कल्पना साधी होती. माणसाला खरा धोका साध्या कल्पनांपासूनच असतो. मूल टॅबलेटवर रोज गणितं सोडवतं, उत्तरं लिहितं आणि यंत्र बघत राहतं. उत्तर काय दिलं एवढंच नाही; बोट कुठं अडखळलं, काय लिहून पुसलं, कुठल्या प्रश्नापाशी खिडकीबाहेर बघण्याइतका वेळ गेला. बरोबर उत्तरांत यंत्राला फारसा रस नव्हता. बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं, त्यावरून कोण कुणाला ओळखणार? माणूस ओळखू येतो चुकांवरून. प्रत्येकाची चुकण्याची रीत निराळी, अंगठ्याच्या ठशासारखी. आणि ठसा तरी शेणामातीत झिजतो, चूक झिजत नाही.

तीन वर्षांच्या चुका जमल्या की यंत्राकडे त्या मुलाची एक गणिती प्रतिकृती तयार होई. तिला कुठलाही नवा प्रश्न घाला. त्या मुलानं जे लिहिलं असतं तेच ती लिही, शंभरात सत्त्याण्णव वेळा. शिवाय ती वाढेही. तिसरीत असं चुकणारी पोर सहावीत कशी चुकेल, हे लाखो मुलांच्या अनुभवावरून यंत्राला माहीत होतं.

मग मुलाची परीक्षा घ्यायची कशाला? सावलीची घ्या. राज्यातल्या सगळ्या सावल्या एका दुपारी, चहाला उकळी फुटेपर्यंत, सगळे पेपर देऊन मोकळ्या होत. पालक खूश झाले, कारण पोरं रडेनाशी झाली. शिक्षक खूश झाले, कारण गठ्ठे तपासणं संपलं. शिक्षक संघटनेनं अभिनंदनाचा ठराव केला. त्याला अनुमोदन दुधभाते बाईंनीच दिलं होतं. मुलांचं मत घेतलं नव्हतं, पण त्यांच्या सावल्यांना विचारलं तेव्हा ते अनुकूल पडलं.

कार्तिकीची पहिली, दुसरी, तिसरी अशी तीन वर्षं पुरी झाली होती. सावली पुरी व्हायला लागतात तेवढीच.

तिच्या दोन खोडी बाईंना पाठ होत्या. एक वजाबाकीची. बेचाळिसातून सतरा काढताना ती म्हणे, दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढू. उत्तर पस्तीस. बाईंनी वर्षभर डोकं फोडलं, ती हसून "बरं" म्हणे आणि पुन्हा पस्तीस काढी. दुसरी खोड, प्रत्येक उत्तर 'तर' नं सुरू करायचं. 'पाण्याचे गुणधर्म लिहा.' 'तर पाण्याला रंग नसतो.' जणू आपलं बोलणं आधीच चाललेलं आहे आणि आपण मधेच आलोय.

सहामाहीच्या, नवमाहीच्या, वार्षिकच्या प्रत्येक पेपरात पस्तीस होते. प्रत्येक उत्तरात 'तर' होतं.

नवमाहीच्या निकालाच्या दुपारी अनुसया ढेबे आली. कार्तिकीची आई. डेअरीच्या लाँचवर दूध घालून तशीच आलेली, हातात रिकामी कॅन. मागं धाकटी मुलगी रेणू, चौथीतली.

"आला का वं बाई निकाल?"

"आलाय. बसा अनुसयाताई."

"मोबाईलात ती बाय बोलली, 'आपल्या पाल्याची प्रगती समाधानकारक आहे.' पर ती पेपर वाचून दावत न्हाई. तुमी वाचा. काय लिवलंय तिनं या टायमाला?"

दर वेळी बाई ठरवत, आज नाही म्हणायचं. दर वेळी अनुसया कॅन जमिनीवर ठेवी आणि पदरानं तोंड पुसून, देवळात बसावं तशी बसे.

"निबंध आहे. 'माझी आई'," बाई म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "'तर माझी आई पहाटे उठते. ती खूप कामं करते. तर मला यायला उशीर झाला की ती मला हाका मारते. मी लांबूनच ओ देते.'"

ही वाक्यं कुणाची होती, हे बाईंना कळत होतं. पहाटे उठणारी आई राज्यातल्या लाखभर निबंधांत होती, हाका मारणारी त्याहून जास्त निबंधांत. कार्तिकीचं त्यात होतं ते फक्त 'तर'. पण हे सांगायचं कसं आणि कुणाला?

अनुसयेनं पदरानं पुन्हा तोंड पुसलं. मग म्हणाली, "ऐकाय जातंय म्हनायचं तिला."

त्या दिवसापासून ती दूध घालून झालं की काठावर थांबू लागली. तीन हाका मारी, जास्त नाही. मग कान देऊन उभी राही आणि घरी जाई. वाडीतलं कुणी काही बोललं नाही. फक्त त्या वेळेला पाण्यावर जायचं लोकांनी बंद केलं.

त्या दुपारी जाताना ती रेणूकडं वळली. "बघ, दीदीनं कसं लिवलं. न्हाईतर तू. मुकी."

रेणू कॅनच्या झाकणाशी चाळा करत होती.

रेणूची वजाबाकी दुसरीपासून बिनचूक. चौथीत असून सहावीचे दशांश तिनं एका खोलीत बसल्याबसल्या ऐकून उचलले होते. पण आठवडाभरानं बाई वर्गात फिरत होत्या आणि रेणूच्या पाटीपाशी थबकल्या. त्रेसष्टातून अठ्ठावीस. खाली उत्तर : पंचेचाळीस. तीनातून आठ जात नाहीत, मग आठातून तीन.

पाठीवरून कुणी ओला हात फिरवावा तसं झालं.

"हे काय गं रेणू?"

"वजाबाकी."

"तुला येते ना नीट?"

"तर येत असंल." रेणू वर न बघता म्हणाली. "सावलीला विचारा की बाई."

बाकीची पोरं हसलीसुद्धा नाहीत. त्यांच्या लेखी रेणूचं हे म्हणणं बरोबरच होतं. अलीकडे सगळी असंच म्हणत. तुला सात्तीचा पाढा येतो का? बघा की बाई टॅबलेटात, येत असला तर येत असंल. तुला भूक लागली का, असं विचारलं तर एखादं पोर उठून टॅबलेट उघडेल, अशी बाईंना धास्ती वाटू लागली होती.

त्या संध्याकाळी खोलीवर भाकरी करताना बाईंचा हात पिठातच राहिला. वीस वर्षं त्या पेपर तपासत आल्या होत्या. यंत्र नव्हतं तेव्हा लाल पेनानं, आता यंत्रानं. 'काय' लिहिलं ते त्यांनी पोत्यानं तपासलं. पंचेचाळीस का लिहिलंस, हे वीस वर्षांत किती जणांना विचारलं? बोटं मोजायला घेतली, पण पिठानं भरलेली एक मूठसुद्धा उघडावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला त्यांनी आपल्या खोलीतले सगळे टॅबलेट गोळा करून कपाटात ठेवले.

"वरून परवानगी?" ठोंबरे सर दारातून म्हणाले.

"चार्जिंगला लावायची परवानगी लागते का सर?"

सरांनी नियमांचं पुस्तक मनातल्या मनात चाळलं. "नाही सापडत," ते जरा निराशेनं म्हणाले.

त्या तासाचा नियम एकच. प्रत्येकानं आपली एक चूक आणायची आणि ती लिहिताना बरोबर का वाटली, ते सांगायचं. गुण नाहीत, शेरा नाही, हसणाऱ्यानं आपल्या दोन चुका सांगायच्या. पहिले चार दिवस कुणी तोंड उघडलं नाही. सरांनी या तासाला 'चुकांचं हळदीकुंकू' असं नाव ठेवलं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून, आपलं लक्ष नाही असं दाखवत बसू लागले.

पाचव्या दिवशी पाचवीतला यशराज कासुर्डे उभा राहिला. "होडीचं गणित. बारा माणसं, होडीत चारजण मावतात, तर फेऱ्या किती. मी चार लिवलं. चूक आलं. तीन पायजे."

"मग चार का लिहिलंस?"

"होडी मानसं सोडून परत कोन आननार? नावाडी नको व्हय? त्यो बसला की तीनच मावत्यात की."

व्हरांड्यातली खुर्ची करकरली.

"अरे, हे पोर तीन वर्षं नापास होतंय या गणितात," सर दारात येऊन म्हणाले.

"त्याची सावलीपण," बाई म्हणाल्या. "दर परीक्षेला न चुकता चार लिहिते. पण तिला नावाडी माहीत नाही."

मग बांध फुटला. 'सूर्य कोठे मावळतो' याला एकीनं 'शाळेमागं' लिहिलं होतं, आणि तो खरंच शाळेमागच्या डोंगरात मावळत होता. एकानं 'अर्धा मोठा की पाव' याला 'भूक असेल तसं' लिहिलं होतं. पोरं एकमेकांशी भांडू लागली, फळ्यावर धावू लागली. आपल्याला काय येतं, हे कपाटातल्या टॅबलेटाला न विचारता त्यांना कळू लागलं, आणि काय येत नाही तेही. तिसऱ्या आठवड्यात ठोंबरे सरांनी आपली खुर्ची आत आणली आणि आपल्या खोलीतल्या धाकट्या पोरांनाही. वर विचारायचं मात्र दोघांनीही टाळलं.

फक्त रेणू बोलेना. पाटीवर पंचेचाळीस लिहून आणी, उभी राही. "का वाटलं बरोबर?" असं विचारलं की ओठ मिटून घेई. बाई कधी रागावल्या नाहीत. वाट बघत राहिल्या.

आणि मग पडताळणीचं पत्र आलं.

सावल्या खऱ्या आहेत ना, हे तपासायला दर वर्षी शंभरातली दहा मुलं निवडली जात. त्यांनी केंद्रप्रमुखासमोर, पालकाच्या सहीनं, प्रत्यक्ष पेपर द्यायचा. मूल तेच आहे ना, हे यंत्र चुकांवरूनच ओळखे. चेहरे बदलतात, चुका बदलत नाहीत. पैलाडच्या विसातली दोन नावं आली. एक यशराज कासुर्डे. दुसरं वाचून सरांनी पत्र बाईंकडे सरकवलं.

"आता कळवू या सर," बाई म्हणाल्या. "जे असेल ते."

सर खिडकीबाहेर पाण्याकडे बघत होते. "एक उपाय आहे," ते म्हणाले. "रेणू."

"रेणू काय?"

"बाई, माझ्याही डोळ्यांना दिसतं. ती पोर कार्तिकीसारखंच चुकते. अगदी तस्सं. तासभर दीदीच्या जागेवर बसेल, पेपर देईल. रेणूची त्या दिवशी गैरहजेरी मांडू. आजारी."

"तुम्ही विचारलंतसुद्धा?"

"अनुसयेला. ती हो म्हणाली." सरांनी चष्मा काढला. "आणि रेणू तर नाचायला लागली. बाई, एवढं एक वर्ष. पुढच्या साली पहिलीत दोघं जास्त येतायत. मग काढू नाव. तोवर पोरं होडीत नकोत."

बाईंनी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. आणि शाळेत नाही न म्हणणं म्हणजे हो, हे आपापल्या नोकरीत दोघांनीही कित्येकदा पाहिलं होतं.

गुरुवारी केंद्रप्रमुख पिसाळ साहेब लाँचनं आले. लाँच लागल्यामुळे पिवळे पडले होते. लिंबू मागवलं, चोखलं, जिवंत झाले.

"चला, उरका. तीनची लाँच चुकली की उद्याच."

यशराजचा पेपर झाला. होडीचं गणित आलंच; त्यानं चार लिहिलं आणि साहेबांकडे बघून हसला. साहेबांच्या टॅबलेटवर 'जुळणी' चा आकडा होता : सत्त्याण्णव.

"पुढचं. कार्तिकी ढेबे."

रेणू आली. केसांना तेल, दोन घट्ट वेण्या, अंगात दीदीचा फ्रॉक. तीन वर्षं पेटीत ठेवलेला, आता तिला बरोबर होणारा. ती सरळ त्या जागेवर जाऊन बसली, जिथं तीन वर्षं कुणी बसलं नव्हतं. खिडकीबाहेर उभी असलेली पोरं एक पाऊल मागं सरकली.

अनुसया दाराशी उभी होती. सही करून झाली होती.

रेणू लिहू लागली. 'तर पानांत हरितद्रव्य असतं.' आकडा चढला : एकोणनव्वद. 'तर नकाशात उत्तर वर असते.' त्र्याण्णव. ती लिहून पुसत होती तेसुद्धा दीदीसारखं, अंगठ्याच्या कडेनं. अनुसया हळूहळू आत आली आणि साहेबांच्या खांद्यावरून तो आकडा बघू लागली. तिला लिहिता फारसं येत नसे, पण आकडे येत. पंच्याण्णव. शहाण्णव. तिचा श्वास बाईंना ऐकू येत होता.

पुढचा प्रश्न : 'सहा पूर्णांक तीन दशांश मीटर कापडातून दोन पूर्णांक आठ दशांश मीटर कापले. किती उरले?' रेणूनं लिहिलं : चार पूर्णांक पाच.

सत्त्याण्णव.

"हाय," अनुसया पुटपुटली. "हितंच हाय."

दुधभाते बाई जागेवरून उठल्या. आपण उठलो आहोत, हे त्यांना उठल्यावर कळलं.

"साहेब, थांबवा. ही कार्तिकी नाही. ही रेणुका ढेबे, चौथी. कार्तिकी तीन वर्षांपूर्वी बुडाली. तिचं नाव पटावर मी लिहिलंय. माझं अक्षर आहे."

पिसाळ साहेबांनी टॅबलेटकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तिन्हींपैकी घड्याळच त्यांना विश्वासाचं वाटलं असावं.

"बाई, यंत्र म्हणतंय ही तीच."

"यंत्राला तिच्या चुका ठाऊक आहेत."

"मग आणखी काय ठाऊक असावं लागतं?" साहेबांनी अगदी खरोखरच विचारलं. मग आवाज उतरवला. "हे बघा, मी काही ऐकलं नाही. सत्त्याण्णव आहे. मी शिक्का मारतो, लाँच पकडतो. ऐकलं असं ठरलं, तर मला पट एकोणीस लिहावा लागेल. जूनपासून शाळा पलीकडे. कळतंय?"

"कळतंय. लिहा. आणि पोरांबरोबर लाँचमधून रोज मी जाईन-येईन, तेही लिहा."

ठोंबरे सर इतका वेळ फळ्याला टेकून उभे होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि जड अंगानं बसले. "दोघं लिहा साहेब. मला पोहता येत नाही. पण पोरं मोजता येतात, चढताना आणि उतरताना. आता खरी मोजीन."

"बाई," अनुसया म्हणाली. तिनं बाईंचा दंड धरला होता. "बाई, एवढा पेपर हू द्या. पाया पडते. एवढी जवळ ती कवा आली न्हवती. तुमचं काय जातंय?"

अनुसयेला समजावण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतंच. त्या रेणूच्या बाकाशी उकिडव्या बसल्या आणि रोज शेवटच्या तासाला विचारत त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "रेणू, चार पूर्णांक पाच लिहिलंस. का गं?"

रेणूनं ओठ मिटले.

"तुला खरं उत्तर येतं?"

मान हलली. येतं.

"मग हे का बरोबर वाटलं?"

रेणूनं बोटाच्या कडेनं फ्रॉकची शिवण चाचपली.

"दीदीसारखं लिवलं," ती म्हणाली, "की आई माझ्याकडं बघती."

बाईंच्या दंडावरची पकड सैल झाली. अनुसया उभी होती तशीच राहिली. मग ती बाकाजवळ आली आणि त्या मुलीकडं बघू लागली : तेलानं चपटे झालेले केस, कानाशी पडलेला खरुजेचा डाग, जो कार्तिकीला नव्हता, आणि जो अनुसयेनं बहुधा आजच पाहिला. तिनं हात पुढं केला. तो त्या डागापर्यंत जाऊन थांबला.

"पूस त्ये," ती म्हणाली.

रेणूनं वर पाहिलं.

"पूस. तुजं लिव."

रेणूनं अंगठ्यानं नाही, तळव्यानं पुसलं. तीन पूर्णांक पाच. साहेबांच्या हातातला आकडा सत्त्याण्णववरून एकदम अठ्ठ्याऐंशीवर आला.

तिनं पुढचा प्रश्न घेतला. सुरुवातीला 'तर' लिहिलं, खोडलं आणि सरळ उत्तर लिहिलं. एकाहत्तर.

अनुसया आकड्याकडं बघत होती. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता, पण नजर काढली नाही. चोपन्न. एकोणचाळीस. पिसाळ साहेबांना तो टॅबलेट बंद करायचा होता. पण ती बघत असेपर्यंत त्यांचं बोट काही त्या बटणापर्यंत गेलं नाही. खाली पाण्यावर लाँचनं भोंगा दिला. कुणी उठलं नाही. सव्वीस. बारा. मग आकडा गेला आणि पांढऱ्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'या विद्यार्थिनीची ओळख पटत नाही.'

"चुकलं व्हय गं आई?" रेणू घाबरून म्हणाली.

अनुसया तिच्या शेजारी बाकावर बसली. बाक लहान होता. ती कशीबशी मावली.

"न्हाई," ती म्हणाली. "लिव तू. मी हाय बसलेली."